शेवटच्या दिव्यापलीकडे

सोयाबीनच्या ट्रॉल्या मंडीकडे जायला लागल्या की माझ्या ओट्यावर बारीक भुसा येऊन पडतो. सकाळी झाडला तर दुपारी पुन्हा तेवढाच. तिकडे टेकडीवर देवीच्या दर्शनाला निघालेल्यांचे जथे, त्यांच्यापुढे लाउडस्पीकर लावलेली गाडी, आणि या सगळ्यावर ते अश्विनातलं ऊन, पावसाळाभर राखून ठेवून एकदम अंगावर ओतल्यासारखं. हातगाडीवर झेंडूचा ढीग घेऊन एक बाई "गेंदा लो, गेंदा" करत गल्लीतून जाते. माझ्या फाटकाशी आली की ती आपली आपणच थांबते, कारण दर वर्षी मी तिच्याकडूनच तोरणाची फुलं घेते. यंदाही थांबली. तोरण बांधायचं ते कुणासाठी, असं एकदा मनात येऊन गेलं, पण फुलं घेतली. तिला नाही म्हणायला काही कारण सापडेना.

नवरात्रात देवासमध्ये राहून एकटं वाटणं ही तशी चमत्कारिकच गोष्ट. सगळा माळवा या दिवसांत इथे लोटतो. अनवाणी पोरं, डोक्यावर चुनरी बांधलेल्या बाया, खांद्यावर झेंडे, कुणाच्या कडेवर पेंगलेलं मूल. रस्त्यावर पाऊल टाकायला जागा नसते. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसते आणि माणसं पाहते. इतकी माणसं फाटकावरून जातात आणि आत कोणी येत नाही. त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांना देवीकडे जायचं असतं. पण संध्याकाळी खुर्ची उचलून आत नेताना मला फार एकटं वाटतं, हे कबूल करायला आता या वयात कसली लाज.

अष्टमीला विजयचा फोन आला. विजय माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो.

"ताई, या वेळी नाही जमत गं. रजाच नाहीये. तूच ये ना दिवाळीला इकडे."

"ते बघू. पण दसऱ्याचं काय?"

"दसऱ्याचं काय? व्हॉट्सॲपवर सोनं पाठवतो की तुला."

तो हसला, मीही हसले. विजय वाईट नाही. आमचे वडील, नाना, गेल्यावरसुद्धा तो इतकी वर्षं फक्त दसऱ्यासाठी पुण्याहून येत राहिला. बायको-मुलांची कुरकुर सोसून, रात्रभराचा प्रवास करून. माणसाने किती करावं.

पण फोन ठेवला आणि लक्षात आलं की प्रश्न आता माझ्यावर आला. आमच्या घरातून दर दसऱ्याला कोणीतरी शीव ओलांडून येतं. संध्याकाळी गावाच्या हद्दीबाहेर जायचं, तिथल्या झाडाची पूजा करायची, पानं घ्यायची, परत यायचं, आणि आलेल्याला घरच्या बाईने दारात ओवाळायचं. नाना कऱ्हाडकडून कारखान्यात नोकरीला म्हणून इथे आले, तेव्हा बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि ही रीत घेऊन आले. पहिल्या दसऱ्यापासून त्यांनी ती कधी चुकवली नाही. यंदा मी गेले नाही तर या घराचं सीमोल्लंघन बुडणार. आणि गेले, तर परत आल्यावर दारात ताम्हण घेऊन कोण उभं राहणार? आजवर ते काम माझं होतं.

हे ऐकून कोणी हसेल. शेजारच्या शर्माजींच्या सूनबाईला मी सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, "आंटी, आप तो हमारे साथ रावण देखने चलो, मन लग जाएगा." मुलगी गोड आहे. पण मन कुठे लागायला हवं आहे, हा प्रश्न वेगळा.

मी स्वतः एकदाच गेले होते. दहा-अकरा वर्षांची असेन. त्या अश्विनात विजयला कांजिण्या आल्या, तो कडुनिंबाच्या पाल्यावर पडून होता, आणि नाना म्हणाले, "मग ही येईल." आई काहीतरी बोलणार होती, पण नानांनी माझा हात धरलाच होता. नानांच्या हाताला सणाच्या दिवशीसुद्धा कारखान्यातल्या तेलाचा वास येत असे, कितीही धुतला तरी. तो वास अजूनही कुठे सायकलच्या दुकानापाशी आला की मी थबकते.

तेव्हा आमची कॉलनी म्हणजे गावाचं टोक. आमच्या रांगेच्या मागे नाला, नाल्यापलीकडे बांध, बांधावर एक झाड, आणि त्यापुढे जी ज्वारी सुरू व्हायची ती आभाळाला टेकेपर्यंत. सोयाबीन नावाचं काही असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पावसाळा संपून काळी माती वरून भेगाळलेली आणि आतून अजून ओली असायची. ज्वारीच्या पानांवर पानं घासून दिवसभर एक कोरडा आवाज येत राहायचा. घरात कुठेही बसलं तरी तो ऐकू यायचा, आणि रात्री पंखा नसला तरी त्या आवाजाने गार वाटायचं. नाकतोडे दिव्यावर येऊन पडायचे. आई त्यांना सुपात गोळा करून बाहेर सोडायची आणि ते पुन्हा आत यायचे.

त्या दसऱ्याला धारचे मामा आले होते. आई धारची. तिचे आजोबा संस्थानात कारकून होते, पण माहेरची माणसं बोलायची ती कारभारी असल्याच्या थाटात. मामांचं प्रत्येक वाक्य "धारला आमच्याकडे" असं सुरू व्हायचं. धारला आमच्याकडे दसऱ्याला हत्ती असायचा. धारला आमच्याकडे वरण असं पातळ करत नाहीत. नाना कऱ्हाडचे, सरळ बोलणारे. त्यांना मामांची फार गंमत वाटायची आणि थोडा रागही यायचा. ते मुद्दाम त्यांना "बापूसाहेब" म्हणायचे.

कॉलनीत पाच-सात मराठी घरं होती, त्यांतले सगळे पुरुष निघाले. धुतलेले पायजमे, टोप्या, एकाच्या हातात पूजेचं ताट. मी एकटीच मुलगी. नाला ओलांडला, झाडाशी आलो, नानांनी ताट खाली ठेवलं, आणि मामा म्हणाले, "थांबा. वसंतराव, इथे पूजा करता यायची नाही."

"का?"

"शीव पुढे सरकलीय."

"कशी सरकेल? झाड जागच्या जागी आहे."

"झाड जागच्या जागी आहे, पण गाव झाडाच्या पुढे गेलंय. ते पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. झाडाच्या पलीकडे ज्वारी काढून टाकलेल्या एका तुकड्यावर कुणाचं तरी घर उठत होतं. भिंती छातीभर आलेल्या. पावसाळ्यात आम्हाला ते दिसलंच नव्हतं.

"त्याला घर म्हणता तुम्ही? छप्पर कुठाय त्याला?" नाना म्हणाले.

"छप्पर नसेना. आत चौकीदाराची चिमणी पेटलीय की. माणूस राहायला आलं, दिवा लागला, की ते गाव. शीव त्या दिव्याच्या पलीकडे. धारला आमच्याकडे..."

"बापूसाहेब, धारची शीव धारलाच राहू द्या हो."

वाद असा रंगला की पूजेतली उदबत्ती हातातच संपली. एक काका म्हणाले, चौकीदार काही मालक नव्हे, त्याचा दिवा धरायचा नाही. दुसरे म्हणाले, दिवा कुणाचाही असो, उजेड तोच. कोणी म्हणालं, झाडाला हात लावू, मनात म्हणू की पलीकडे गेलो. या शेवटच्या सूचनेला मात्र नाना आणि मामा दोघांनीही एकदम नकार दिला. कारखान्यात नानांच्या हाताखालून केसभर चुकीचा तुकडा पुढे जात नसे, आणि मामा तर धारचेच. तेवढ्या एका बाबतीत त्या दोघांचं जमलं. नाना म्हणाले, "चला, दिव्यापलीकडे."

मग ती सगळी वरात ढेकळं तुडवत निघाली. माझी चप्पल मातीत रुतून बसली. "काढ, हातात घे," नाना म्हणाले. त्या अर्ध्या घरात चौकीदाराची बायको भाकरी थापत होती. अंधारातून इतके टोपीवाले पुरुष ताट घेऊन आपल्याकडे येताना पाहून ती दचकून उभी राहिली आणि मुलाला मागे ओढलं. नानांनी तिला हात जोडले. "कुछ नहीं बहनजी, आपके आगे तक जाना है, बस." तिला काही कळलं नसणार. आम्ही तिच्या चुलीला वळसा घालून पुढे गेलो.

आणि मग दिवा मागे राहिला. पुढे नुसती ज्वारी आणि तिचा आवाज. मागे वळून पाहिलं तर आमच्या कॉलनीचे सगळे दिवे एका ओंजळीत मावतील एवढे. मला भीती वाटली, आणि फार बरंही वाटलं. ते दोन्ही एकत्र मला पुन्हा कधी वाटलं नाही. नाना म्हणाले, "हं. आलो आपण बाहेर." एवढंच. शीव ओलांडून झाली होती, म्हणून मग झाडापाशी परत येऊन पूजा झाली आणि पानांच्या जुड्या घेऊन आम्ही घरी आलो.

दारात आई ताम्हण घेऊन उभी होती. तिने मामांना ओवाळलं, नानांना ओवाळलं, आणि माझ्यापाशी येऊन क्षणभर थांबली. मुलीला दसऱ्याला ओवाळतात की नाही, हे तिला ठरवता येईना. मामा "धारला आमच्याकडे" म्हणायला तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "शीव ओलांडून आलीय पोर." आणि तिने मला ओवाळलं. निरांजनाची धग गालाला लागली. आत खाटेवरून विजय ओरडत होता की त्याला का नाही.

पुढच्या वर्षी विजय बरा होता. तेव्हापासून तो जाऊ लागला आणि मी आईच्या शेजारी दारात उभी राहू लागले. आधी तिच्या ताम्हणातली वात सरळ करायला, मग आईचे गुडघे दुखायला लागल्यावर ताम्हण धरायला, आणि आई गेल्यावर ओवाळायला. माझं लग्न राहून गेलं. का, ते आता सांगत बसण्यात अर्थ नाही. दोन-तीन ठिकाणं आली, गेली. मग शाळेतली नोकरी, आणि नाना. त्यामुळे या उंबऱ्यावर उभं राहून वाट पाहण्याचा माझा सराव दांडगा आहे. गल्लीच्या तोंडाशी सायकल वळली की ती कुणाची हे मी आवाजावरून ओळखत असे.

त्या झाडाचीही एक गंमत आहे. नानांनी आणि कॉलनीने त्याला आपटा मानलं होतं. पान दुभागलेलं, दोन पाकळ्या जोडल्यासारखं, म्हणजे आपटाच. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा एक दिवस पान हातात धरून नीट पाहिलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तो कांचन होता. इकडचे लोक त्याला कचनार म्हणतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या कळ्यांची भाजी करतात. म्हणजे इतकी वर्षं कारखान्यातले सगळे मराठी लोक एकमेकांना भाजीची पानं सोनं म्हणून देत होते. मी घरी येऊन मोठ्या विद्वत्तेने ही बातमी सांगितली. नाना पेपर वाचत होते. म्हणाले, "इतक्या दसऱ्यांची पूजा घेतलीय त्याने. आता आपटाच तो." आणि पान उलटलं. पेपरचं.

शीव मात्र थांबेना. मामांचा नियम नानांनी स्वीकारला होता, आणि एकदा स्वीकारल्यावर ते त्यातून अंग काढून घेणाऱ्यांतले नव्हते. दर वर्षी शेवटचा दिवा पुढे जायचा आणि दर वर्षी ते त्याच्या पलीकडे जायचे. चौकीदाराच्या घराला छप्पर आलं, मग गच्ची आली, मग त्याच्यापुढे आणखी एक रांग. चालत जायचे ते सायकलवरून जाऊ लागले. सायकल गेली, स्कूटर आली. विजय चालवायचा, नाना मागे बसायचे, मांडीवर ताट. कारखान्यांच्या भिंती ओलांडल्या, मग बायपास. परतायला उशीर व्हायला लागला. बरोबरची घरं एकेक करून गळली. कोणी रिटायर होऊन कऱ्हाड-साताऱ्याला, कोणी इंदूरला, कुणाची मुलं अमेरिकेत. शेवटच्या वर्षी नानांना चालवत नव्हतं. विजयने त्यांना धरून फाटकापर्यंत नेलं. त्यांनी फाटकाबाहेर एक पाऊल टाकलं, उभे राहिले, आत आले. मी ओवाळलं. ते म्हणाले, "हे काही खरं नव्हे गं." मी म्हटलं, "मी ओवाळलं म्हणजे खरं." त्यावर ते हसले नाहीत.

आता त्या झाडाच्या जागी बगीचा आहे. नाल्याच्या काठची जमीन कुणाला विकता येईना म्हणून ती नकाशात हिरवी राहिली होती. ती हिरवी करावी म्हणून कॉलनीतले लोकच वर्षानुवर्षं मागणी करत होते, आणि अखेर ती मान्य झाली. छान आहे बगीचा. मी खोटं कशाला बोलू? मी रोज सकाळी जाते. रंगीत फरश्यांची वाट आहे, बाकं आहेत, व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत. त्यांवर माझ्या वयाच्या बायका झोपाळ्यासारख्या झुलतात. उंच कुंपण आहे, फाटकावर वेळ लिहिलेली आहे. नाल्यावर स्लॅब पडली, त्यामुळे वास येत नाही. झाड मात्र वाटेच्या मधोमध येत होतं. वाट वळवता आली असती, पण वाट आधी कागदावर काढलेली होती, आणि शिवाय पानं फार पडतात अशी तक्रार होती. त्याच्या बदल्यात कडेने रोपं लावू म्हणाले, आणि लावलीही. रोपांना राखायला लोखंडी पिंजरे आणले होते. ते पिंजरे आजही उभे आहेत. आत काही नाही, एकात कुणीतरी चहाचे कागदी पेले टाकतं.

त्या वाटेवरून फिरताना मला हल्ली एक गोष्ट जाणवते. आम्ही सगळे तिथे पुष्कळ चालतो. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं, सुनेपासून सुटका म्हणून चालणं, असलं सगळं. पण वाट गोल आहे. जिथून निघालो तिथेच येतो, आणि कुंपणाच्या आत राहतो. आमच्या लहानपणी हिरवं म्हणजे जे गावाबाहेर होतं ते. त्याला कुणी राखलेलं नव्हतं, ते आम्हाला राखत असावं. घरात फार झालं, आईशी भांडण झालं, परीक्षेचा पेपर वाईट गेला, की मागच्या दाराने नाल्यापर्यंत जायचं आणि नुसतं पलीकडे पाहत उभं राहायचं. पलीकडे काही नसायचं, आणि तेच हवं असायचं. आता हिरवं आत आहे आणि आपण त्याच्याभोवती फिरतो. बाहेर कुठे आहे, हे विचारलं तर सांगता येत नाही.

दसऱ्याच्या दुपारी मी पुरणाऐवजी शिरा केला, एका माणसाचा. दारातल्या स्टुलावर ताम्हण मांडलं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, कुंकू. मांडून झाल्यावर कळलं की हात सवयीने काम करून मोकळे झाले होते. ते उचलून ठेवायचं माझ्या जिवावर आलं. तसंच राहू दिलं, कुलूप लावलं आणि चौकात येऊन ऑटो पाहू लागले.

एक चाळिशीचा, पोट सुटलेला ऑटोवाला थांबला. "कां जाना है, मॅडम?"

"जहाँ देवास खतम होता है, वहाँ तक."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. बहुधा मी ठीक आहे ना, हे पाहिलं. मग हसला. "देवास तो अब खतम ई नी होता, मॅडम. इंदौर तरफ चलोगे तो सीधे इंदौर लग जाएगा. बीच में अंधेरा ई नी मिलेगा."

"तो जिधर मिले उधर चलो, भिया. अंधेरा ही चाहिए."

"फिर सोनकच्छ तरफ चलते हैं," तो म्हणाला, आणि कुणीतरी मोठं कोडं घातल्यासारखा उत्साहाने निघाला. वाटेत त्याने मला सगळं विचारून घेतलं. कशाला जायचं, पूजा कशाची, मराठी लोक दसऱ्याला रावण नाही का जाळत. मी सांगितलं की शेवटचा दिवा मागे पडला पाहिजे, त्याच्या पुढे पाऊल टाकायचं आणि परत यायचं. हे त्याला इतकं पटलं की तो माझ्यापेक्षा जास्त काटेकोर झाला. मी एका ठिकाणी म्हटलं, इथे चालेल. तर तो म्हणाला, "नी नी, वो देखो, ढाबा है आगे. लट्टू जल रिया है." ढाब्यावरचा तो बल्ब पाहून मला धारच्या मामांची आठवण येऊन हसू फुटलं.

दोन्ही बाजूंनी फाटकं येत होती. उंच, कमानीची, आत अजून काही नाही अशी. कुणावर अमलतास लिहिलेलं, कुणावर आम्रकुंज, कुणावर नुसतं ग्रीन. आत चुन्याने आखलेले चौकोन, रस्त्याकडेला खांब, आणि खांबांवर दिवे. घरं नव्हती, माणसं नव्हती, पण दिवे होते. मामा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. माणूस नाही आणि दिवा आहे, ही अडचण त्यांच्या धारला कधी आली नसेल.

पुष्कळ पुढे गेल्यावर खांब संपले. तिथे एका शेतात सोयाबीन कापून गंज्या लावल्या होत्या, आणि एक म्हातारी बाई खाली बसून राहिलेलं वेचत होती. ऑटोवाल्याने ऑटो थांबवली आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "लो. यां से आगे कुछ नी है."

मी उतरले. मावळतीला नुसती रेघ राहिली होती. बाई वर पाहून म्हणाली, "कां से अई बेन?"

"देवास से."

"यो बी देवास ज हे अबे," ती म्हणाली. हेही आता देवासच. "खेत बेची दियो. या आखरी फसल हे." तिने हाताने दाखवलं. काळोखात दिसत नव्हते, पण तिच्या शेतात पांढरे खुंट आधीच ठोकलेले होते, अगदी पलीकडच्या बांधापर्यंत. तिने ते सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात दुःख नव्हतं. असलं तरी मला ते दाखवायचं तिला काही कारण नव्हतं.

मी तिच्याकडून शेंगांची एक वाळकी डहाळी मागून घेतली आणि बांध ओलांडून पलीकडे गेले. ऑटोवाला मागोमाग आला, त्याला पाहायचं होतं. पलीकडे उभी राहिले. अंधार होता, थोडा वारा होता. कान देऊन ऐकलं. कापलेल्या शेतात कसला आवाज येणार. दूर हायवेवर ट्रक चालले होते. नानांनी म्हटलं होतं ते वाक्य मला म्हणायचं होतं, पण ते एकटीने म्हणायचं वाक्य नव्हे, "आपण" म्हणावं लागतं. ऑटोवाला म्हणाला, "हो गया पार?" मी म्हटलं, "हो गया."

परतताना त्याने वेग वाढवला, कदाचित त्यालाही उशीर झाल्याचं लक्षात आलं असेल. शहरात शिरल्यावर फटाके ऐकू येऊ लागले. फाटकाशी त्याने ऑटो उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, पानी मिलेगा?"

कुलूप काढून आत गेले, दिवा लावला, तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आले. दारात स्टुलावर ताम्हण होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, मग ऑटोवाल्याकडे. मी निरांजन लावलं.

"भिया, जरा यां आओ."

"ये क्या है?"

"सीमा पार करके जो आता है, उसकी आरती उतारते हैं हमारे में. तुम भी तो पार करके आए."

त्याने खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला, बुशशर्टाचं बटण लावलं, आणि फोटो काढायला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. डहाळीतल्या थोड्या शेंगा तोडून हातावर ठेवल्या. त्याने ज्योतीवर तळवे धरून डोळ्यांना लावले. त्याला फार आनंद झाला होता. घरी जाऊन सांगायला त्याला काहीतरी मिळालं होतं.

मग त्याने ताम्हणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पार तो आप भी करके आए, मॅडम. आपकी कौन उतारेगा?"

"घर वाले उतारते हैं," मी म्हटलं.

"तो बुलाओ ना अंदर से. अब इतना किया है तो ये भी देख के जाऊँगा. मैं रुकता हूँ."

घरात कोणी नाही, हे मी जनगणनेवाल्यांना सांगितलं आहे, कुरियरवाल्यांना सांगते, चुकून आलेल्या फोनवरसुद्धा सांगते. त्याला सांगता आलं नाही. कपाळावर कुंकू घेऊन तो असा हसत उभा होता. मी "हओ" म्हटलं, ताम्हण स्टुलावर ठेवलं आणि आत गेले. मधली खोली ओलांडून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. दसऱ्याची संध्याकाळ, धंद्याची वेळ, रावण पाहून परतणारी सवारी चौकात हात करून उभी असणार. तो जाईल. आता जाईल, असं म्हणत मी बाहेरच्या आवाजाकडे कान देऊन राहिले. थोड्या वेळाने ऑटोचं इंजिन बंद झालं. तो थांबला होता.